यंत्र पोचलं, पाना पोचला नाही

भोर, मुळशी, खेड, शिरूर, पुण्याबाहेर कुठल्याही दिशेला जा. वाडीच्या तोंडाशी सौर दिव्याचा एखादा खांब असा भेटतोच की वर प्लेट शाबूत असते, दिवाही शाबूत असतो आणि अंधार पडल्यावर खाली काही उजळत नाही. बहुतेकदा बॅटरी गेलेली असते. कधी बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा फ्यूज उडालेला असतो, कधी वायरचा जोड गंजलेला असतो. गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘बसवून गेले, परत कोणी आलंच नाही.’ फ्यूज काही रुपयांचा असतो. तो बदलायचा हे ओळखणारा माणूस वाडीत नसतो.

कमी खर्चाचं ऊर्जातंत्र गावात टिकायचं असेल तर ते बसवण्याबरोबर शिकवलं पाहिजे, आणि तेही माहितीपत्रकं वाटून किंवा पडद्यावर चित्रं दाखवून नव्हे, तर हातात पाना, पक्कड आणि व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर देऊन. हे माझं म्हणणं आहे. हे करायला लागणारी माणसं, संस्था, कारखाने आणि बाजार पुण्याइतके एका ठिकाणी क्वचितच सापडतील. तरीही आपली अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि आपली गावं एकमेकांना पाठ करून बसली आहेत. मी या शहरात ऊर्जा हा विषय शिकवतो आणि याची मला मनापासून खंत वाटते.

बिघाड किती साध्या गोष्टींतून होतात ते आधी पाहू. एका घरात १२ व्होल्टची बॅटरी आहे आणि गोठ्यात ६० वॉटचा भार चालवायचा आहे. अंतर २० मीटर. घरात पडून असलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर कोणीतरी ओढतो. जाऊन-येऊन ४० मीटर वायर झाली, तिचा रोध जेमतेम अर्धा ओहम. पण १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर, आणि ५ अँपिअरला अर्धा ओहम म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच गेले. गोठ्यात साडेनऊ व्होल्ट पोचतात, दिवा मिणमिणतो, पंखा घुटमळतो आणि निष्कर्ष निघतो की सोलरमध्ये दम नाही. हाच भार २३० व्होल्टवर असता तर त्याच वायरीत व्होल्टचा आठवा हिस्साही गेला नसता. हे गणित शाळेच्या पुस्तकातल्या ओहमच्या नियमाचं आहे. माझ्या वर्गातली मुलं ते कागदावर बिनचूक सोडवतात. पण त्यांतल्या बहुतेकांनी वायरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून हरवलेले अडीच व्होल्ट कधी डोळ्यांनी पाहिलेले नसतात. ज्याने एकदा पाहिले, त्याला जाड वायर का घ्यायची किंवा बॅटरी भाराच्या जवळ का ठेवायची हे पुन्हा सांगावं लागत नाही, मग तो इंजिनिअर होणारा मुलगा असो की नववीत शाळा सोडलेला.

बॅटरीचंही तसंच. शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, विहिरीचं पाणी घातलं तर त्यातले क्षार प्लेटांचं वाटोळं करतात. बॅटरी रोज पूर्ण रिकामी करायची नाही. विश्रांतीत १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवणारी बॅटरी भरलेली, १२ च्या खाली गेलेली जवळपास रिकामी. एवढं एका दुपारी शिकवता येतं आणि त्याने बॅटरीचं आयुष्य वर्षांनी वाढतं.

चुलीची गोष्ट मात्र दुपारी शिकून संपणारी नाही, आणि तिच्यातून आपण सगळ्यात कमी शिकलो. ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. देशभर कोट्यवधी चुली बांधल्या गेल्या. २००२ च्या सुमारास कार्यक्रम थांबला आणि त्यातल्या असंख्य चुली त्याआधीच मोडल्या होत्या किंवा वापरातून गेल्या होत्या. चुलीचं शास्त्र चुकीचं नव्हतं. खाली जाळी ठेवली की निखाऱ्याला हवा मिळते, तोंड लहान केलं की जळण बेताने जळतं, भांड्याभोवतीची फट कमी केली की उष्णता भांड्यात जाते. हे सगळं खरं आहे. पण आपल्याकडे भाकरी तव्यावर भाजली की निखाऱ्याला लावून फुगवतात. निखारा पुढे ओढायला जागाच नसलेली चूल कितीही कमी जळण घेत असली तरी घरातली बाई ती चूल चार दिवसांत फोडून मोठी करते, आणि तिचं बरोबर असतं. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, कालवण गरम राहिलं पाहिजे, पातेलं लहान-मोठं बसलं पाहिजे, पावसाळ्यात ओलं जळणही पेटलं पाहिजे. हे नियम कुठल्याही नकाशात लिहिलेले नव्हते, कारण नकाशा काढणाऱ्याने भाकरी केलेली नव्हती आणि भाकरी करणारीला नकाशाजवळ कोणी बसवलं नव्हतं.

पुण्यातल्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे आपण ज्याला आरती म्हणतो त्या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे साचा. चूल बांधून देण्याऐवजी चुलीचे साचे कुंभारांच्या आणि गावातल्या कारागिरांच्या हातात गेले की चूल मोडली तरी ती बनवणारा माणूस गावातच राहतो. उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करायची त्यांची पद्धतही अशीच आहे: पत्र्याच्या पिंपांत पाचट कमी हवेत जाळायचं, कोळशाची भुकटी खळीत मळायची, कांड्या पाडून उन्हात वाळवायच्या. या कामासाठी संस्थेला २००२ साली ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला आणि घरगुती बायोगॅससाठी २००६ साली पुन्हा मिळाला. (पाचट जाळण्यापेक्षा शेतातच कुजवावं असं आज अनेक शेतकरी मानतात आणि जमिनीच्या दृष्टीने ते योग्य आहे. पण बारामती-दौंडच्या पट्ट्यात तोडणीनंतर जे फड पेटवले जातात, त्यांच्याबद्दल मी बोलतो आहे.)

दुसरं उदाहरण पाबळचं. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस. त्यांनी शाळा सोडलेल्या मुलांसाठी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम उभा केला. त्यात वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, ऊर्जा असं सगळं येतं. मुलं गावाला लागणारी कामं पैसे घेऊन करतात आणि करता करता शिकतात. पैसे घेऊन, हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. गिऱ्हाइकाने पैसे दिले की काम चांगलं झालं पाहिजे हा आग्रह आपोआप येतो, आणि चुकलेलं वेल्डिंग गुरुजींना नव्हे, शेजारच्या शेतकऱ्याला दाखवावं लागतं. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवून पाहण्याची कार्यशाळा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली या पाबळात आली. पुण्यातून दीड-दोन तासांवर. आमच्या किती विद्यार्थ्यांनी ती पाहिली आहे, असं मी दरवर्षी वर्गात विचारतो. हात फार कमी वर होतात.

त्याच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये ॲमी स्मिथ यांनी २००२ च्या सुमारास एक वर्ग सुरू केला, तो पुढे डी-लॅब म्हणून वाढला. तिथले विद्यार्थी ऊर्जा, पाणी, आरोग्य यांवरची स्वस्त साधनं आधी स्वतःच्या हातांनी बनवतात, मग हैतीसारख्या देशांत जाऊन तिथल्या लोकांबरोबर पुन्हा बनवतात. उसाच्या चिपाडापासून कोळसा हा त्यांचा गाजलेला प्रकल्प. पुढे त्यांचा भर बदलत गेला: लोकांसाठी साधन बनवण्याऐवजी लोकांनाच साधन रचायला शिकवायचं. उसाचा कोळसा ज्या शहरात आधीच होत होता, त्या शहरातल्या विद्यार्थ्याला तो करून पाहण्यासाठी बोस्टनला जावं लागू नये.

आपल्याकडे काय होतं? गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली. हाताने काम करता करता शिकायचं, हा तिचा गाभा होता. कोठारी आयोगाने साठच्या दशकात कार्यानुभव सुचवला. तो आपल्या शाळांत आला आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकांना त्यातून आठवतात ती कागदाची फुलं, नाहीतर गणिताच्या सरांनी घेतलेला जादा तास. अभियांत्रिकीत शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. तो तयार विकत मिळतो हे विद्यार्थ्यांना माहीत आहे, पालकांना माहीत आहे आणि परीक्षकांनाही माहीत आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावात होतं, त्यात श्रमदान होतं, रात्री करमणुकीचे कार्यक्रम होतात, मुलं गावाच्या प्रेमात पडून परत येतात. मी या शिबिरांना कमी लेखत नाही. पण बंधारा घालायला गेलेल्या विद्युत शाखेच्या मुलांनी त्याच गावातला बंद सौर दिवा उघडून पाहिला नाही, असं होता कामा नये.

आता शिकवायचं काय आणि कसं, यावर थोडं सविस्तर.

पहिला धडा मोजण्याचा असावा, बनवण्याचा नव्हे. घरात ऊर्जा कशावर जाते हे कुटुंबाबरोबर बसून मोजायचं. डोंगरकडेच्या गावात हिवाळ्यात मोजलं तर जळणाचा मोठा हिस्सा स्वयंपाकावर न जाता आंघोळीच्या पाण्यावर जाताना दिसतो. एक बादली, म्हणजे साधारण २० लिटर पाणी, २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट उष्णता लागते. किलोभर लाकडात साधारण साडेचार युनिट असतात, पण उघड्या चुलीत त्यातली १५ टक्के भांड्यापर्यंत पोचते असं धरलं तर बादलीमागे जवळपास एक किलो जळण. पाच माणसांच्या घरात रोज चार-साडेचार किलो, आणि ते कोणाच्या तरी डोक्यावरून आलेलं असतं. आता ऊन मोजा. आपल्या भागात कोरड्या दिवसांत एका चौरस मीटरवर दिवसाला ५ युनिटांच्या आसपास पडतं. काळा रंग दिलेला पत्रा, त्याला घट्ट बसवलेली नळी, वर काच, मागे भुसा, आणि पेटीच्या वरच्या कडेपेक्षा उंचावर टाकी. यातून ४० टक्के जरी पाण्यात गेले तरी तीन बादल्या निघतात. हे बनवताना मुलं हमखास एका ठिकाणी अडतात. नळी मध्येच खाली झुकली की तिच्या आधीच्या उंचवट्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाणी फिरायचं थांबतं. टाकी थंड, पत्रा तापलेला. मग नळी सतत चढती ठेवायची असते हे कोणीतरी शोधून काढतं. शिक्षकाने ते आधी सांगू नये. आणि जून ते सप्टेंबर मुळशीत ऊनच नसतं, त्यामुळे बंब आणि चूल राहणारच, हेही गावातल्या बायका पहिल्याच दिवशी सांगतात. म्हणून सौरपेटी आणि चांगली चूल हे दोन्ही धडे एकत्र घ्यावे लागतात.

बायोगॅसचा धडा शहरातच घ्यावा. ओला कचरा जागेवर जिरवण्याचं बंधन पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांवर आहे, सौरऊर्जा किंवा गांडूळखत प्रकल्प असेल तर घरपट्टीत सवलतही आहे. तरी संयंत्रं बंद पडतात, आणि कारण बहुधा एकच असतं: पहिल्या आठवड्यात उत्साहाने भरमसाट खरकटं घातलं जातं. भात, पोळी, फळांची सालं लवकर आंबतात, आम्ल तयार होतं, आणि मिथेन करणारे जिवाणू आम्लात काम थांबवतात. टाकी फुगते पण गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. आंबूस वास येतो, शेजारी तक्रार करतात, संयंत्राला टाळं लागतं. उपाय साधा: काही दिवस काही घालायचं नाही, थोडी शेणाची रबडी आणि गरज वाटली तर चुना, आणि रोज पीएच कागदाने आम्लता तपासायची. पीएचचा आकडा सातच्या जवळ आला की पुन्हा मूठमूठ वाढवत न्यायचं. नळीत साठलेलं पाणी काढायचं, नाहीतर ज्योत फडफडते. हे पुण्यात सगळ्यात चांगलं कोणाला कळतं? कचऱ्यात रोज हात घालणाऱ्यांना. १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झालेल्या आणि पुढे स्वच्छ या सहकारी संस्थेत आलेल्या कचरावेचक बायका ओला कचरा नुसता पाहून त्यात काय आहे ते सांगू शकतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पीएच कळतो, या बायकांना कचरा कळतो. दोघांना एका टाकीपाशी उभं केलं तर संयंत्र चालेल.

राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने निरक्षर आजीबाईंना सौर दिव्याची जोडणी आणि दुरुस्ती सहा महिन्यांत शिकवून दाखवली आहे, रंगांच्या आणि खुणांच्या मदतीने. परदेशांतूनही बायका तिथे येऊन शिकून गेल्या. तेव्हा ‘गावातल्यांना हे झेपेल का’ हा प्रश्न मी आता ऐकून घेत नाही.

दोन आक्षेपांना मात्र नीट उत्तर दिलं पाहिजे. पहिला असा: उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, सप्टेंबर २०१९ पर्यंत ८ कोटी जोडण्या झाल्या, वीज जवळपास सगळीकडे गेली, मग चुली आणि सौरपेट्या शिकवत बसायचं म्हणजे गरिबांना दुय्यम तंत्रज्ञानात अडकवायचं. यातला नैतिक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. गॅस आणि अखंड वीज हा गरिबाचाही हक्क आहे, आणि स्वस्त तंत्राच्या नावाखाली तो टाळणारा कोणी असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. चुलीचा धूर जीवघेणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने २०२० साली जगात ३२ लाख माणसं दगावली. पण सिलिंडर घरात असणं आणि दर वेळी भरून आणणं परवडणं यांत अंतर आहे. कित्येक घरांत चहा गॅसवर होतो आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण चुलीवर. जोवर चूल पेटते तोवर ती चांगली पेटावी. शिवाय दुरुस्तीचं शिक्षण चुलीपुरतं नाही. राज्यात सौर कृषिपंप मोठ्या संख्येने बसत आहेत. त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी पाच वर्षं पुरवठादाराची. प्लेट पंचवीस वर्षं चालते. सहाव्या वर्षी कंट्रोलर बंद पडला तर शेतकरी कोणाला बोलावणार? गावातला वायरमन २३० व्होल्टला सरावलेला आहे, पण दिवसाउजेडी प्लेटांच्या रांगेतला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, पुरवठा नुसता स्विच बंद करून थांबत नाही, आणि कित्येक शेकडा व्होल्टचा तो झटका जीव घेऊ शकतो. त्याला शिकवलं नाही तर हा नुसता तोटा राहत नाही, तो अपघात ठरतो.

दुसरा आक्षेप गावाच्या बाजूने येतो आणि मला तो जास्त टोचतो. विद्यार्थी येतात, प्रयोग करतात, फोटो काढतात, गुण मिळवतात, आणि अर्धवट यंत्र मागे टाकून जातात. गाव म्हणजे फुकटची प्रयोगशाळा नव्हे. यावर माझी अट कडक आहे. वाडीतली किमान दोन माणसं ते यंत्र पूर्ण उघडून पुन्हा जोडू शकत नसतील, तर ते यंत्र परत आणायचं. आणि शिकायला बसलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो प्रशिक्षणाच्या खर्चात धरायचा. भात लावणीच्या दिवसांत वर्ग ठेवून ‘लोक येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी गावाचं वेळापत्रक आधी वाचावं.

हे सगळं बसवायला नवा कायदा लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात सहभागी महाविद्यालयांनी किमान पाच गावं दत्तक घ्यायची असतात. ही दोन्ही दारं उघडी आहेत. मल्टिमीटर, सोल्डरिंगची बंदूक, पक्कड, पाने, पीएच कागद आणि थर्मामीटर अशी एक पेटी पुण्याच्या बाजारातल्या तपकीर गल्लीतून आणि बोहरी आळीतून काही हजारांत उभी राहते. दत्तक गावातल्या माध्यमिक शाळेत ती ठेवायची, किल्ली शिपायाजवळ न ठेवता आठवी-नववीच्या मुलांजवळ द्यायची. तोंडी परीक्षा महाविद्यालयात न घेता गावात घ्यायची. चूल केली असेल तर त्यावर भाकरी करणारी बाई परीक्षक, आणि गुणांतला अर्धा वाटा तिच्या हातात. दिवा दुरुस्त केला असेल तर सहा महिन्यांनी तो लागतो का हे पाहून निकाल द्यायचा.

खरी अडचण शिक्षकांची आहे. हाताने काम शिकवू शकणारा प्राध्यापक दुर्मीळ, आणि ज्याला ते येतं त्याच्याकडे पदवी नाही. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस ही, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांना शिकवायला नेमायची, व्यवस्था आणली. औपचारिक पदवीची अट त्यात सक्तीची नाही. पण तिचा रोख कंपन्यांतल्या आणि प्रशासनातल्या वरिष्ठांकडे आहे. पंधरा-वीस वर्षं बायोगॅसच्या टाक्या बांधणारा मिस्त्री, पंपाच्या मोटारी भरणारा वाइंडर, साच्यातून चुली पाडणारी कुंभारीण यांना त्या नियमात जागा करायला विद्यापीठाच्या विद्यापरिषदेने ठराव घ्यावा, मानधन प्राध्यापकाच्या तासाइतकंच ठेवावं, आणि वेळापत्रकात त्यांचं नाव इतरांसारखंच छापावं. पुण्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांना तर विद्यापीठाची वाट पाहायचीही गरज नाही. त्यांच्या अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर येऊ शकतो, आणि येत्या सत्रापासून पहिला तास होऊ शकतो.